पहिलीतली मुलं आणि फॉर्मवरचा एक चौकोन

2010 सालची गोष्ट. आमचा धाकटा तेव्हा पहिलीत होता. शाळेतल्या बाईंची चिठ्ठी आली. मुलगा वर्गात एका जागी बसत नाही, दोन सूचना एकदम दिल्या तर दुसरी विसरतो, आणि वाचनात मागे आहे. एकदा मुलांच्या डॉक्टरांना दाखवून घ्या.

क्युपर्टिनोत अशी चिठ्ठी येणं म्हणजे काय, हे इथे राहणाऱ्यालाच कळेल. इथे लोक घर घेतात तेच मुळी शाळांसाठी. शेजारच्या गावात तेवढ्याच पैशांत मोठं घर मिळत असतं, पण शाळा इथली हवी म्हणून दोन खोल्यांच्या जुन्या घरात राहतात. अशा गावात आपलं पोर वाचनात मागे आहे हे शेजाऱ्याला सांगण्यापेक्षा आपली नोकरी गेली हे सांगणं सोपं!

डॉक्टरांकडे गेलो. वेटिंग रूममध्ये पाच-सहा पानांचा फॉर्म हातात पडला. जन्माच्या वेळचं वजन, कधी चालायला लागला, पहिला शब्द कधी बोलला वगैरे. तिसऱ्या पानावर एक प्रश्न होता: गरोदरपणात मद्य घेतलं होतं का? पुढे तीन चौकोन. हो, नाही, माहीत नाही. मी क्षणभरही न थांबता "नाही"वर खूण केली आणि पान उलटलं. बायको शेजारच्याच खुर्चीवर बसली होती. तिला विचारावं असं मला वाटलंही नाही. आपल्यासारख्यांच्या घरात हा प्रश्नच कुठे येतो?

परत येताना गाडीत ती म्हणाली, "अरे, तू मला विचारायला हवं होतंस."

"काय?"

"दिवस राहिल्याचं कळायच्या आधी तुझ्या ऑफिसची ख्रिसमस पार्टी झाली होती. मी दोन ग्लास वाइन घेतली होती. तूच आणून दिली होतीस."

मी गप्प. मग म्हणालो, "बरं, मग आता परत जाऊन फॉर्म बदलू का?" त्यावर तीही गप्प. फॉर्म काही आम्ही बदलला नाही.

आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याच्या जिवाला घोर नको. मुलाच्या तपासणीत काही निदान निघालं नाही. वाचनासाठी वर्षभर जास्तीची मदत मिळाली आणि दुसरी संपेपर्यंत गाडी रुळावर आली. पण ती खूण माझ्या डोक्यात राहिली. आणि 2018 साली एक अभ्यास वाचला तेव्हा ती खूण किती महाग असू शकते हे कळलं.

तो अभ्यास अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये फेब्रुवारी 2018 मध्ये छापून आला. फिलिप मे आणि क्रिस्टिना चेंबर्स हे त्यातले प्रमुख संशोधक. अमेरिकेतल्या चार भागांत पहिलीतली मुलं घेतली, म्हणजे साधारण सहा-सात वर्षांची. चारांपैकी एक भाग आमच्याच कॅलिफोर्नियातला, सॅन डिएगो, इथून सातशे किलोमीटरवर. प्रश्न असा होता की आईने गरोदरपणी घेतलेल्या दारूमुळे ज्यांच्या मेंदूवर, वाढीवर परिणाम झाला आहे अशी मुलं शाळेत किती असतात? या सगळ्या त्रासांना मिळून फीटल अल्कोहोल स्पेक्ट्रम डिसऑर्डर, थोडक्यात एफएएसडी म्हणतात.

आता मोजलं कसं ते बघा, कारण गंमत त्यातच आहे. मुलं डॉक्टरांकडे येतील आणि मग मोजू, असं त्यांनी केलं नाही. ते स्वतः शाळेत गेले. पालकांची परवानगी घेऊन मुलांची उंची, वजन, डोक्याचा घेर मोजला. वाढीत किंवा शिकण्यात मागे असलेली मुलं पुढच्या तपासणीला घेतली, आणि शिवाय काही मुलं नुसती चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडली. मग चेहऱ्याची तपासणी, बुद्धीच्या आणि वागण्याच्या चाचण्या, आणि शेवटी आईशी बोलणं.

त्या चार भागांत पहिलीतली एकूण मुलं होती 13,146. त्यातली 6,639 अभ्यासासाठी निवडली गेली. आणि एफएएसडी असलेली मुलं सापडली 222.

आता हिशोब दोन तऱ्हांनी करता येतो. ज्यांची तपासणी झालीच नाही त्या सगळ्या मुलांना निर्दोष धरलं, तर भागाप्रमाणे हजारात 11 ते 50 मुलं येतात. म्हणजे शंभरात एक ते पाच. आणि जी तपासली नाहीत त्यांच्यातही साधारण तसंच प्रमाण असेल असं धरून अंदाज केला, तर हजारात 31 ते 98, म्हणजे शंभरात तीन ते जवळजवळ दहा. मी इंजिनियर माणूस, मला पहिला हिशोब आवडतो. तो कमीत कमी आहे. याच्या खाली आकडा जाणं कठीण. आणि तो कमीत कमी आकडासुद्धा साधा नाही. त्याच वर्षी अमेरिकेतल्या ऑटिझमचा सरकारी आकडा जाहीर झाला, तो होता आठ वर्षांच्या 59 मुलांमागे एक. म्हणजे साधारण तेवढंच.

क्युपर्टिनोत ऑटिझम हा शब्द माहीत नसलेला पालक तुम्हाला सापडणार नाही. रविवारच्या मराठी वर्गातसुद्धा आया त्याबद्दल मोकळेपणी बोलतात, थेरपिस्टचे नंबर एकमेकींना देतात. एफएएसडी हा शब्द मात्र मी इथल्या कुठल्याही देशी घरात कधी ऐकला नाही.

पण मला हादरवलं ते 222 ने नाही. त्या 222 मुलांपैकी हे निदान आधी झालेली मुलं किती होती, माहीत आहे? दोन! बाकीच्या 220 मुलांच्या बाबतीत कुणालाच पत्ता नव्हता. पोर अभ्यासात अडतंय, वागण्यात काहीतरी बिनसलंय, हे अनेक पालकांना कळत होतं. का, ते कळत नव्हतं.

म्हणजे ज्याला आपण दुर्मिळ म्हणत होतो ते दुर्मिळ नव्हतंच, कुणी बघितलं नव्हतं इतकंच. आमच्या धंद्यात याला चांगली उपमा आहे. ज्या प्रोग्रॅमची चाचणीच घेतली नाही त्यात बग सापडत नाहीत. म्हणून तो चांगला आहे असं नव्हे.

बरं, हे काही नवं शास्त्रही नाही. 1968 साली फ्रान्समधल्या नांत गावच्या पॉल लेमोआन या डॉक्टरने दारू पिणाऱ्या पालकांच्या 127 मुलांबद्दल लिहून ठेवलं होतं. लेख फ्रेंचमध्ये, फारसं कुणी लक्ष दिलं नाही. 1973 साली सिअॅटलच्या केनेथ लायन्स जोन्स आणि डेव्हिड स्मिथ यांनी 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं आणि त्याला नाव दिलं, फीटल अल्कोहोल सिंड्रोम. 1988 मध्ये अमेरिकेत कायदा झाला आणि पुढच्या वर्षापासून दारूच्या प्रत्येक बाटलीवर गरोदर बायकांसाठी इशारा छापणं सक्तीचं झालं. कॅलिफोर्नियात तर 1986 च्या एका जनमतानंतर रेस्टॉरंटच्या आणि दारूच्या दुकानांच्या भिंतींवर पाट्याही लागल्या. त्या पाटीशेजारी टेबलाची वाट बघत मी इतक्या वेळा उभा राहिलोय! वाचली एकदाही नाही.

होतं काय, तेही थोडक्यात सांगतो. आईच्या रक्तातली दारू वारेतून थेट बाळाच्या रक्तात जाते. आईचं यकृत ती पचवतं, बाळाचं यकृत अजून तयार व्हायचं असतं. त्यामुळे ती तिथे जास्त वेळ राहते, आणि मेंदू तर नऊही महिने घडत असतो. फार परिणाम झाला तर चेहऱ्यावर दिसतो. डोळ्यांच्या फटी लहान, नाकाखालची पन्हळ सपाट, वरचा ओठ पातळ. पण बहुतेक मुलांच्या चेहऱ्यावर काहीही दिसत नाही. मूल गोड असतं, बोलकं असतं. मात्र कालचं आज आठवत नाही, एका चुकीतून दुसऱ्या वेळी शहाणपण येत नाही, राग आवरत नाही, हिशोब जमत नाही. वर्गात त्याला आळशी म्हणतात, आणि घरी द्वाड.

इथेच खरी मेख आहे. ज्यांचा चेहरा खूण सांगतो त्यांचं निदान आईने काही न सांगताही करता येतं. पण ज्यांच्या चेहऱ्यावर खूण नाही त्यांचं निदान करायला आईने "हो" म्हणावं लागतं. गरोदरपणी दारू घेतली होती हे कुठून तरी कळल्याशिवाय डॉक्टर त्या दिशेला जाऊच शकत नाहीत. म्हणजे सगळा डोलारा फॉर्मवरच्या त्या एका चौकोनावर उभा. आणि तो चौकोन माझ्यासारखा एखादा शहाणा नवरा बायकोला न विचारता भरून टाकतो.

आता कुणी म्हणेल, दोन ग्लास वाइनने काय होतंय? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर भीती घालून देऊ नये. या अभ्यासात आईचं पिणं धरलं ते एखाद्या घोटाचं नव्हतं. निदान दोन आठवडे, आठवड्याला सहा किंवा जास्त ड्रिंक. नाहीतर एका बैठकीत तीन किंवा जास्त, असं किमान दोनदा. हा साधारण निकष. इथलं एक ड्रिंक म्हणजे बिअर असेल तर साडेतीनशे मिली, वाइन दीडशे, व्हिस्की पंचेचाळीस. आपल्याकडचा साठ मिलीचा लार्ज पेग यापेक्षा मोठा, हे लक्षात असू द्या. एखाद्या ग्लासाने नुकसान झालंच असं कुणी म्हणत नाही. पण अमुक एवढी घेतली तर चालते, अशी रेषाही कुणाला आखता आलेली नाही. म्हणून डॉक्टर म्हणतात, शून्य. जिला आधीच घेऊन झाली आहे तिला सांगायचं ते एवढंच की आता थांब, जेव्हा थांबशील तेव्हापासून फायदा आहे.

अडचण अशी की अमेरिकेत चाळीस टक्क्यांहून अधिक वेळा दिवस राहतात ते ठरवून नाही. पहिले काही आठवडे बाईलाच ठाऊक नसतं. म्हणून 2016 साली इथल्या सरकारी आरोग्य संस्थेने, सीडीसीने, सल्ला दिला की मूल होण्याची शक्यता असेल आणि गर्भनिरोधक वापरत नसाल तर पिऊ नका. काय गदारोळ झाला! बायका भडकल्या. म्हणाल्या, म्हणजे आम्ही फक्त चालते-फिरते गर्भाशय का? आणि मला विचाराल तर त्यांचं चुकलं नव्हतं. सल्ला सगळा बायकांना. ग्लास भरून देणाऱ्याला, "एकच घे गं" म्हणणाऱ्याला, घरात रोज बाटली उघडणाऱ्याला एक अक्षर नाही. इथल्या काही राज्यांत तर गरोदर बाईचं पिणं म्हणजे मुलाचा छळ असे कायदे आहेत. परिणाम काय, तर जिला मदतीची सगळ्यात जास्त गरज तीच डॉक्टरांपासून लपते. लपली की चौकोनावर खूण "नाही".

आता तुमच्याकडे वळतो. पुण्या-नाशकात बसून हे वाचणारे म्हणतील, की हे अमेरिकेचं झालं, आपल्या बायका कुठे पितात? आकडा तुमच्याच बाजूने आहे. 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात पंधरा वर्षांवरच्या बायकांपैकी दारू घेतो असं सांगणाऱ्या निघाल्या 0.4 टक्के. पुरुष 13.9 टक्के. गोव्यात बायका 5.5 टक्के. अरुणाचलात साधारण 24.

यात खरं असेल ते असेल. आपल्याकडे बायका कमी पितात हे मलाही मान्य आहे. पण हाही एक चौकोनच आहे ना? पाहणीला आलेली अनोळखी बाई, आत सासू, दाराशी शेजारीण, आणि प्रश्न, तुम्ही दारू पिता का? मी तर एसीच्या गारव्यात, कुणी न विचारता, दुसऱ्याच्या वतीने "नाही" लिहून आलो. मग तिच्याकडून आपण काय अपेक्षा करतो?

आपल्या दारूबंदीच्या चळवळीचा मला अभिमान आहे. गडचिरोलीत बायका वर्षानुवर्षं लढल्या आणि 1993 मध्ये जिल्ह्यात दारूबंदी आली. गावोगाव बायकांनी मतदान करून बाटली आडवी केली. पण या सगळ्यात बाई कायम नवऱ्याच्या दारूने पोळलेली. ती स्वतः पीत असेल, मोहाची असो नाहीतर मर्लो, हे चित्र आपल्या डोळ्यांसमोर येतच नाही. एकीकडे ती देवी, दुसरीकडे "तसल्या" बायका. मधे काही नाही. आणि जी मधे आहे, आयटी पार्कातली, शुक्रवारी मैत्रिणींबरोबर दोन ग्लास घेणारी, तिला कुणी काही सांगत नाही.

ती आता वाढते आहे. आमच्याच व्हॅलीत ओरॅकलमध्ये काम केलेल्या राजीव सामंतांनी परत जाऊन नाशकात 'सुला' उभी केली आणि वाइन मराठी माणसाच्या टेबलावर आली. द्राक्षाला भाव मिळाला, रोजगार मिळाला. माझा त्याला विरोध नाही, मी स्वतः घेतो. जानेवारी 2022 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटात वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं तेव्हा केवढा वाद झाला. त्या वादात शेतकरी होता, संस्कृती होती, तरुण पिढी होती. गरोदर बाई मला त्यात कुठे दिसली नाही. बाटलीवरही ती नाही. भारतात 2019 पासून बाटलीवर इशारा सक्तीचा आहे, पण तो आरोग्याला अपायकारक आणि पिऊन गाडी चालवू नका, एवढाच. शाळा-अंगणवाड्यांत मुलं तपासणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये सुरू झाला. चांगला कार्यक्रम आहे. त्याच्या तीस आजारांच्या यादीत डाउन सिंड्रोम आहे, दुभंगलेला ओठ आहे, जन्मजात हृदयविकार आहे. दारूमुळे होणारं हे नाही. मग सापडेल कसं?

जाता जाता आणखी एक. आसवं आणि अरिष्टं यांच्यात आंबवण्यातून आपोआप तयार झालेला अल्कोहोल असतो, आणि ते बाटलीवर लिहिलेलं असतं. औषध म्हणून त्यांना नावं ठेवायची नाहीत. पण घरची मोठी माणसं "शक्ती येते" म्हणून गरोदर सुनेला स्वतःच्या मनाने चमचे पाजत असतील तर आधी डॉक्टरांना किंवा वैद्यांना विचारा.

माझं म्हणणं काय आहे? दारू बंद करा असं नाही. बायकांवर पाळत ठेवा असं तर मुळीच नाही. प्रश्न विचारायची पद्धत बदला. गरोदर बाईला पहिल्या भेटीत डॉक्टर बीपी विचारतात, साखर विचारतात, त्याच आवाजात हेही विचारावं. प्रत्येकीला. शालूतली असो की जीन्समधली. आणि एकटीला विचारावं, नवऱ्यासमोर, सासूसमोर नव्हे. नवऱ्याला वेगळं विचारावं, घरात किती बाटल्या येतात? नऊ महिने तूही सोडशील का? बायकोने सोडायची आणि याने समोर बसून घ्यायची, हे मला आता बघवत नाही.

आणि शाळेत "द्वाड" म्हणायच्या आधी एकदा "का?" विचारावं. मेंदूला झालेली इजा भरून येत नाही, हे खरं. पण सिअॅटलच्या अॅन स्ट्राइसगुथ यांनी अशा मुलांचा मोठेपणापर्यंत माग ठेवला. ज्यांचं निदान लहानपणी, सहाव्या वर्षाच्या आत झालं आणि ज्यांना स्थिर, मायेचं घर मिळालं, ती मुलं पुढे शाळा सोडण्यात, पोलिसांच्या भानगडीत कमी सापडली. एकावेळी एकच सूचना, ठरलेला दिनक्रम, शिक्षेऐवजी आठवण, इतक्या साध्या गोष्टींनी फरक पडतो. पण आधी माहीत तर हवं. कॅलिफोर्नियालासुद्धा एफएएसडीचं नाव विशेष शिक्षणाच्या नियमात स्पष्ट घालायला 2022 साल उजाडलं. 'लॅन्सेट'मध्ये नाव दिल्यानंतर एकोणपन्नास वर्षांनी. महाराष्ट्राने एवढी वाट बघायचं कारण नाही.

परवा धाकट्याचा एकविसावा वाढदिवस झाला. अमेरिकेत एकविसाव्या वर्षी कायद्याने प्यायला मिळतं, त्यामुळे इथे त्याचं कोण कौतुक. जेवताना त्याने स्वतः वाइन मागवली. मी म्हटलं, आता तू मोठा झालास, तुला एक गोष्ट सांगायची आहे. आणि फॉर्मची सगळी हकीकत सांगितली. पार्टी, दोन ग्लास, कुणी आणून दिले ते, वेटिंग रूम, सगळं. बायको सुरुवातीला माझ्याकडे डोळे वटारून बघत होती, मग तीही बोलायला लागली.

त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, "पण बाबा, तुम्ही दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना फोन का नाही केला?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं म्हणजे होतं. लाज वाटली होती. माझ्या मुलाच्या बाबतीत ती लाज स्वस्तात सुटली. सगळ्यांच्या बाबतीत सुटत नाही.